मार्गहीन व्रण : केंद्रित श्राव्यातीत ध्वनी, मेंदू आणि पद्माकर लेले यांचा आक्षेप

इ. स. 1962 मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या 160 व्या खंडात लागोपाठ दोन निबंध प्रसिद्ध झाले. पहिल्याचे लेखक पद्माकर लेले. दुसऱ्याचे बसाउरी आणि लेले. दोहोंचा विषय एकच होता : मेंदूच्या अंतर्भागात, सुई न खुपसता व वाटेतील भागास धक्का न लावता, केंद्रित श्राव्यातीत ध्वनीच्या योगाने व्रण कसा निर्माण करावा. अशा व्रणास लेले यांनी जे विशेषण लावले आहे त्याचा अर्थ ‘ज्याला मार्ग नाही तो’ असा होतो. शस्त्र आत गेल्याची कोणतीही खूण मागे न ठेवणारा, म्हणून तो मार्गहीन. त्याच वर्षी 18 नोव्हेंबर रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, आणि तो जोडण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतूही नाही. परंतु आपल्या विद्यापीठाच्या वयाचा हा विषय आज जगभर नव्या उत्साहाने अभ्यासिला जात असता, त्याच्या पूर्वेतिहासातील एका मराठी नावाकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे, असे वाटते.

हे नाव केवळ मराठी म्हणून येथे घेतलेले नाही, हे आरंभीच सांगणे अवश्य आहे. परदेशी कीर्ती मिळविणाऱ्या आपल्या माणसांची यादी करण्याचा छंद आपल्याकडे बराच बोकाळलेला आहे, आणि त्यापासून इतिहासाचा लाभ फारसा होत नाही. लेले यांचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. मेंदूवर ध्वनीचा परिणाम होतो, हे अनेकांनी दाखविले. तो परिणाम खरोखर ध्वनीचाच आहे काय, असे चिकाटीने विचारणारे थोडे होते, आणि लेले त्यांत अग्रगण्य होते. या विषयाचा इतिहास शोधांनी जितका पुढे गेला तितकाच अशा आक्षेपांनीही पुढे गेला, असे प्रस्तुत लेखकाचे मत असून त्याचीच येथे थोडी फोड करावयाची आहे.

मनुष्याच्या कानास साधारणतः सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडील ध्वनीस आपण श्राव्यातीत म्हणतो. दाब दिला असता स्फटिकात विद्युत् उत्पन्न होते, हे 1880 मध्ये झाक आणि प्येर क्यूरी या बंधूंनी दाखविले. त्याच गुणाचा उलट उपयोग करून, म्हणजे स्फटिकास विद्युत् देऊन तो थरथरविला असता, असा ध्वनी हवा तेव्हा निर्माण करता येतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झचे ध्वनिजनक तयार केले. त्यांच्या टाकीत तरंगांच्या वाटेत आलेले मासे मरत आणि पाण्यात हात घातल्यास वेदना होत, हे त्यांच्या ध्यानी आले होते. या उडत्या निरीक्षणास पद्धतशीर रूप दिले ते वुड आणि लूमिस यांनी 1927 मध्ये. पुढे दोनच वर्षांनी हार्वे यांनी हृदयाच्या स्नायूसारख्या उत्तेजनक्षम ऊतींवर या ध्वनीचा परिणाम होतो असे नमूद केले. भारतापुरते बोलावयाचे तर 1935–36 मध्ये बंगलोर येथे चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्रनाथ यांनी श्राव्यातीत तरंगांनी प्रकाशाचे विवर्तन कसे होते याची उपपत्ती मांडली, आणि ती आजही पाठ्यपुस्तकांत आहे. परंतु हे कार्य भौतिकीचे होते. जिवंत मेंदूपर्यंत त्याची वाट गेली नाही.

मेंदूकडे वळण्याचे दोन मार्ग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, एकाच वर्षी, खुले झाले. न्यूयॉर्क येथे लिन व त्यांचे सहकारी यांनी 1942 मध्ये वक्र स्फटिकाच्या साह्याने ध्वनी एका बिंदूवर एकवटण्याची पद्धत प्रसिद्ध केली. भिंगाने ऊन एकवटावे तसाच हा प्रकार. वाटेत प्रत्येक ठिकाणी ध्वनी विरळ असतो व केंद्रापाशी तो तीव्र होतो, म्हणून परिणाम घडावयाचा तो केंद्रापाशीच. निदान कल्पना अशी होती. प्रत्यक्षात प्राण्यांची कवटी शाबूत ठेवून ध्वनी सोडला असता वरच्या कातडीचीच हानी बरीच होई. हाड वाटेतच बरीचशी ऊर्जा गिळून टाकी.

दुसरा मार्ग व्हिएन्नाच्या कार्ल डुसिक यांचा. त्यांना मेंदूत बदल घडवावयाचा नव्हता, तो पाहावयाचा होता. डोक्याच्या एका बाजूने ध्वनी सोडून दुसऱ्या बाजूस तो किती उरतो हे बिंदूबिंदूने नोंदविल्यास मेंदूतील द्रवपूर्ण पोकळ्यांचे चित्र मिळेल, असा त्यांचा तर्क होता. आणि खरोखर तशी चित्रे त्यांना मिळाली. युद्धोत्तर काळात बोस्टन येथे भौतिकीतज्ञ व शल्यविशारद यांच्या एका संयुक्त गटाने हेच काम हाती घेतले. परंतु 1952 मध्ये जर्मनीत ग्युटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी मेंदू नसलेली कवटी पाण्यात ठेवली व तिचे चित्र घेतले. ते डुसिक यांच्या चित्रांसारखेच निघाले! जे मेंदूतील पोकळ्यांचे चित्र म्हणून मिरविले जात होते ते वस्तुतः हाडाच्या कमीअधिक जाडीचे चित्र होते. बोस्टनच्या गटाने ते काम सोडून दिले.

रिकाम्या कवटीचा हा प्रयोग वाचकांनी लक्षात ठेवावा. संशयित कारण तेवढेच शिल्लक ठेवावे, बाकी सर्व काढून टाकावे, आणि परिणाम तोच येतो काय ते पाहावे, ही त्याची रीत. या विषयाच्या इतिहासात हीच रीत पुन्हा दोनदा आली आणि दोन्ही वेळा तिने प्रस्थापित समजुतीस धक्का दिला.

आता अर्बाना येथील इलिनॉय विद्यापीठाकडे वळू. विल्यम फ्राय हे मूळचे भौतिकीचे. युद्धकाळात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत पाण्याखालील ध्वनीचे काम केल्यावर 1946 मध्ये ते इलिनॉयला आले, आणि बंधू फ्रान्सिस फ्राय यांच्या साह्याने त्यांनी जैवध्वनिकीची प्रयोगशाळा उभारली. लिन यांच्या अनुभवावरून हाडाचा अडथळा त्यांना पुरता कळून चुकला होता. म्हणून त्यांनी कवटीचा तुकडा काढून टाकला व उघड्या मेंदूत चार शलाका एका बिंदूवर मिळविल्या. 1955 मध्ये त्यांनी मांजरांच्या मेंदूत खोलवर, मोजक्या आकाराचे व्रण पाडून दाखविले. पुढे आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद रसेल मायर्स यांच्या सहकार्याने कंपवाताच्या रुग्णांवरही उपचार झाले. त्याचा वृत्तांत 1959 मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

परंतु फ्राय यांचा ज्या निबंधाशी येथे संबंध आहे तो याहून लहान आहे. जानेवारी 1958 च्या ‘सायन्स’ साप्ताहिकातील, जेमतेम दोन पृष्ठांचा. फ्रान्सिस फ्राय, हार्लो एड्स आणि विल्यम फ्राय हे त्याचे लेखक. डोळ्याकडून आलेला संदेश मेंदूच्या पृष्ठभागाकडे पाठविणारे एक ठाणे मेंदूच्या मध्यभागी आहे. मांजराच्या डोळ्यासमोर प्रकाशाचा झोत चमकविला की मेंदूच्या दृष्टिक्षेत्रात विद्युत्-प्रतिसाद उमटतो. उपर्युक्त ठाण्यावर केंद्रित ध्वनी सोडला असता हा प्रतिसाद मूळच्या एकतृतीयांशाहूनही खाली आला, आणि ध्वनी थांबविल्यावर सुमारे अर्ध्या तासात तो पूर्ववत् झाला. त्या जागी व्रणही आढळला नाही.

या निष्कर्षाचा अर्थ फार मोठा होता. मेंदूतील एखादे ठाणे नष्ट न करता काही काळ निष्क्रिय करता येते, आणि ते पुन्हा चालू होते! शल्यविशारदाच्या दृष्टीने पाहिल्यास, एखादा भाग कायमचा काढून टाकण्यापूर्वी तो काढल्याने काय होईल याची रंगीत तालीम घेता येईल. शरीरक्रियाविज्ञाच्या दृष्टीने मेंदूच्या कोणत्या भागाचे कार्य काय, हे जिवंत प्राण्यात विचारता येईल. ज्या क्षेत्रास आज केंद्रित ध्वनीद्वारे मेंदूच्या क्रियेचे नियमन म्हणतात त्याचा जन्म 2008 मध्ये झाला, असे लिहिण्याची प्रथा पडली आहे. ती बरोबर नाही. मूळ येथे, 1958 मध्ये आहे.

मग मधली पन्नास वर्षे काय झाले? या प्रश्नाच्या उत्तरात लेले येतात.

पद्माकर लेले यांचे पहिले महत्त्वाचे संशोधन ऑक्सफर्डचे. तेथे ग्रॅहम वेडेल यांच्यासमवेत त्यांनी स्पर्शज्ञानाचा अभ्यास केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फोन फ्राय या जर्मन शास्त्रज्ञाने असा सिद्धान्त मांडला होता की, स्पर्श, उष्ण, शीत आणि वेदना या प्रत्येक संवेदनेसाठी त्वचेत निरनिराळ्या आकाराचे मज्जाग्र असते. (नावाच्या उच्चारातील साम्यामुळे या फ्राय यांचा व इलिनॉयच्या फ्राय बंधूंचा घोटाळा होऊ नये.) डोळ्याच्या बाहुलीवरील पारदर्शक पडद्यात, म्हणजे स्वच्छमंडलात, एकाच प्रकारची, उघडी मज्जाग्रे असतात. सिद्धान्त खरा असेल तर तेथे वेदनेवाचून दुसरी संवेदना होता कामा नये. लेले आणि वेडेल यांनी 1956 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात दाखविले की, स्वच्छमंडलास स्पर्शही कळतो, उष्णही कळते आणि शीतही कळते. साठ वर्षे पाठ्यपुस्तकांत राज्य करणाऱ्या सिद्धान्तास इतक्या लहानशा जागेवरून आव्हान दिले गेले. जागा अचूक निवडली म्हणजे मोठे उपकरण लागत नाही, ही लेले यांच्या कामाची खूण पुढेही दिसते.

ऑक्सफर्डहून ते बोस्टनला गेले. ज्या शहरात डुसिक यांची चित्रे पडताळून टाकून देण्यात आली, तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये केंद्रित ध्वनीचे काम चालू होते. फ्राय बंधूंची चार शलाकांची यंत्रणा अवजड व खर्चिक होती. लेले यांनी 1962 च्या निबंधाच्या शीर्षकातच ‘सोपी पद्धत’ असे शब्द घातले आहेत. त्याचा जोडनिबंध, बसाउरी यांच्यासह लिहिलेला, मांजरांच्या मज्जासंस्थेवरील परिणामांचे संख्याशास्त्रीय मूल्यमापन करतो. आज हे सामान्य वाटेल. परंतु त्या काळी या क्षेत्रातील बरेचसे लेखन यशस्वी उदाहरणांचे वर्णन करून थांबत असे. इतक्या मात्रेने इतक्या वेळा व्रण होतो आणि इतक्या वेळा होत नाही, हे सांगण्याची पाळी आली की पुष्कळ चमत्कार आपोआप मावळतात.

त्यानंतरच्या वर्षी, 1963 मध्ये, ‘एक्स्पेरिमेंटल न्यूरॉलॉजी’मध्ये लेले यांचा तिसरा निबंध आला, आणि आपल्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा होय. यात मेंदू नव्हता; शरीराच्या परिघाकडील मज्जा होत्या. अशा मज्जेवर केंद्रित ध्वनी सोडला असता मात्रेनुसार तीन अवस्था दिसतात : प्रथम किंचित उत्तेजन, नंतर संदेशवहनाचा तात्पुरता अवरोध, आणि मात्रा आणखी वाढविल्यास कायमचा अवरोध. मधली अवस्था म्हणजे फ्राय यांनी मेंदूत पाहिलेल्या परतीच्या परिणामासारखीच. लेले यांनी पुढे विचारले : हाच क्रम ध्वनीवाचून मिळतो काय? त्यांनी ध्वनीमुळे मज्जेचे तापमान जितके वाढते तितकीच उष्णता तिला ध्वनीशिवाय दिली. तिन्ही अवस्था त्याच क्रमाने आल्या.

ही रिकाम्या कवटीचीच रीत होय. ग्युटनर यांनी मेंदू काढून हाड ठेवले. लेले यांनी ध्वनी काढून उष्णता ठेवली. ध्वनी मज्जेवर काही अपूर्व, यांत्रिक स्वरूपाची क्रिया करतो असे मानण्याचे या प्रयोगात तरी कारण उरले नाही. तो मज्जा तापवितो, आणि तापलेली मज्जा कशी वागते हे नवे नव्हते.

फ्राय यांना हा युक्तिवाद मानवणारा नव्हता. 1950 मध्येच त्यांच्या गटाने बेडकांवरील प्रयोगांच्या आधारे, तापमानाशी संबंध नसलेले परिणाम आपण वेगळे ओळखले आहेत, असे प्रतिपादन केले होते. अर्बाना आणि बोस्टन यांच्यातील हा मतभेद त्या दशकभर चालला. त्यात जय कोणाचा झाला असे विचारल्यास उत्तर सरळ देता येत नाही. तीव्र ध्वनीने होणाऱ्या व्रणाच्या बाबतीत बोस्टनची बाजू बळकट ठरली; 1972 मध्ये रॉबिन्सन आणि लेले यांनी मेंदूतील व प्लॅस्टिकमधील व्रणांची वाढ उष्णतेच्या गणिताने मांडून दाखविली. मंद ध्वनीच्या बाबतीत मात्र प्रश्न मिटला नाही, तो बाजूस पडला. कारण ज्याच्या बळावर प्रश्न पुढे न्यावयाचा तो प्रयोगच महाग होता. प्रत्येक वेळी कवटी उघडावी लागे; आणि कवटी उघडलीच, तर विद्युदग्र आत घालून ठाणे तापविणे वा उत्तेजित करणे शल्यविशारदास अधिक सोयीचे होते.

त्यातच कंपवाताच्या शस्त्रक्रियेची निकडच 1967 नंतर ओसरली. त्या वर्षी कोत्झियास यांनी मोठ्या मात्रेत डोपा दिल्याने रुग्ण चालू-फिरू लागतात हे दाखविले, आणि लवकरच लेव्होडोपा हे औषध सर्वत्र रूढ झाले. येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. हेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांत असते, हे दामोदरन् व रामस्वामी यांनी 1937 मध्येच प्रसिद्ध केले होते. आणि 1978 मध्ये मुंबईच्या वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर खाजकुइलीच्या चूर्णाचा उपयोग करून त्याचा वृत्तांत दिला. आपल्या कुंपणावरची, अंगाला लागली तर दिवसभर खाजविणारी ही वेल बोस्टनच्या यंत्राची प्रतिस्पर्धी ठरली, हा योगायोग मौजेचा आहे. विल्यम फ्राय 1968 मध्ये वयाच्या पन्नाशीत वारले. लेले नंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये गेले आणि तेथे केंद्रित ध्वनीने कर्करोगाच्या गाठी तापविण्याच्या उपचारावर त्यांनी दीर्घकाळ काम केले. जी उष्णता मेंदूच्या प्रयोगात संशयित म्हणून पकडली गेली तिलाच त्यांनी कामाला लावले.

उरला तो हाडाचा अडथळा. करवीरनिवासिनी महालक्ष्मीच्या किरणोत्सवाचे उदाहरण येथील वाचकास सहज पटेल. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात ती वाटेत काही आडवे आले नाही तरच. एखाद्या वर्षी आकाश निरभ्र असूनही ती मूर्तीपर्यंत पोहोचली नाहीत तर आपण सूर्यास दोष देत नाही, वाटेतील इमारतींचे कोपरे मोजू लागतो. कवटीचेही तसेच मोजमाप करावे लागले. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1,540 मीटर असतो, हाडात त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यातून कवटीची जाडी जागोजाग निराळी. त्यामुळे निरनिराळ्या भागांतून गेलेले तरंग केंद्रापाशी एकाच वेळी, एकाच कलेत पोहोचत नाहीत, केंद्र विसकटते. फ्रान्सिस फ्राय व बार्जर यांनी 1978 मध्ये मानवी कवटीच्या ध्वनिगुणांची मोजमापे दिली आणि कंप्रता कमी ठेवल्यास कवटीतूनही पुरेसा ध्वनी जातो हे स्पष्ट केले. पुढची वीस वर्षे संगणकाची वाट पाहण्यात गेली, असे म्हटले तरी चालेल. 1998 मध्ये ह्यूनिनेन आणि योलेस यांनी अनेक लहान ध्वनिजनकांची जुळणी करून शाबूत मानवी कवटीतून केंद्र साधता येते हे प्रयोगशाळेत दाखविले. प्रत्येक ध्वनिजनकाचा तरंग किती आधी वा नंतर सोडावयाचा, हे त्या त्या रुग्णाच्या कवटीच्या क्ष-किरण छेदचित्रांवरून गणिताने ठरविता येऊ लागले. आज वापरात असलेल्या शिरस्त्राणासारख्या यंत्रात असे 1,024 ध्वनिजनक असतात व त्यांची कंप्रता सुमारे 6,50,000 असते.

हाड ओलांडले गेल्यावर फ्राय यांचा जुना प्रश्न पुन्हा वर येणे स्वाभाविक होते. 2008 मध्ये टायलर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूच्या जिवंत ठेवलेल्या छेदांवर मंद ध्वनी सोडून मज्जापेशी उत्तेजित होतात असे दाखविले. 2010 मध्ये त्याच गटाने शाबूत कवटीच्या उंदराच्या हालचालींच्या क्षेत्रावर ध्वनी सोडला तेव्हा स्नायू आकुंचन पावले. तापमानातील वाढ एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होती, ही नोंद त्यांनी आवर्जून केली. लेले यांचे नाव तेथे असो वा नसो, ही नोंद त्यांच्या आक्षेपास दिलेले उत्तर आहे. 1963 नंतर या क्षेत्रात तापमान न सांगता कोणाची सुटका नव्हती. 2014 मध्ये लेगॉन आदींनी मनुष्याच्या स्पर्शक्षेत्रावर असाच प्रयोग केला. दर वर्षी निबंधांची संख्या वाढू लागली; नैराश्य, वेदना, अपस्मार, व्यसन यांवरील उपचारांच्या आशा व्यक्त होऊ लागल्या.

आणि मग 2018 च्या जून महिन्यात ‘न्यूरॉन’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक मिनेसोटा विद्यापीठातील, दुसरा कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील. दोन्ही गट स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाप्रत आले होते. मेंदूच्या कोणत्याही क्षेत्रावर ध्वनी सोडला तरी प्रथम श्रवणक्षेत्र जागे होत होते, आणि तेथून उत्तेजना सर्वत्र पसरत होती. मिनेसोटाच्या गटाने गिनीपिगांच्या श्रवणमज्जा तोडल्या किंवा अंतःकर्णातील द्रव काढून टाकला, तेव्हा मेंदूतील ती क्रिया नाहीशी झाली. कॅलिफोर्नियात रसायनाने बधिर केलेल्या उंदरांचे स्नायू-प्रतिसाद मंदावले. अर्थ उघड होता. प्राणी दचकत होते. जो ध्वनी ऐकू येत नाही असे त्याच्या नावातच म्हटले आहे, तो त्यांना ऐकू येत होता!

यात गूढ काही नाही. श्राव्यातीत ध्वनी अखंड सोडला तर तो ऐकू येत नाही. परंतु तो ठोक्याठोक्याने सोडला जात होता, आणि ठोक्यांची चाल श्राव्य मर्यादेत होती. प्रत्येक ठोक्याच्या आरंभी व अंती हाडास जो हिसका बसतो तो हाडामार्गे कानात पोहोचतो. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास चकित करणारी गोष्ट पुढेच आहे : हे सर्व छापलेले होते. हाडामार्गे दिलेला श्राव्यातीत ध्वनी माणसास ऐकू येतो, हे पम्फ्री यांनी 1950 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले होते. 1970 च्या दशकात सोव्हिएत रशियात गाव्रिलोव्ह आणि त्सिरुल्निकोव्ह यांनी केंद्रित ध्वनीने माणसाच्या हातावर स्पर्श, उष्णता व वेदना तर उत्पन्न केल्याच, शिवाय कानावर तोच ध्वनी सोडून श्रवणसंवेदनाही उत्पन्न केली होती. आणि 1978 मध्ये फॉस्टर व वीडरहोल्ड यांनी अमेरिकेच्या ध्वनिकी संस्थेच्या नियतकालिकात मांजरांवरील प्रयोगाचा जो निबंध छापला त्याचे शीर्षकच ‘स्पंदरूप श्राव्यातीत ध्वनीने मांजरांत निर्माण होणारे श्रवणप्रतिसाद’ अशा अर्थाचे आहे. चाळीस वर्षे हा निबंध ग्रंथालयांच्या कपाटांत होता. नव्या क्षेत्रात शिरणाऱ्यांनी मेंदूची नियतकालिके वाचली, ध्वनिकीची वाचली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ प्रस्तुत लेखकास लागतो. आणि आपल्या विद्यापीठातील ज्ञानशाखांच्या भिंती पाहता यात दुसऱ्यास हसण्यासारखे काही नाही.

2018 च्या निबंधांनी हे क्षेत्र कोसळले काय? नाही. मंद ध्वनीचा मज्जापेशींवर थेट परिणाम होतच नाही, असे त्यांनी म्हटले नव्हते. पूर्वीचा पुरावा त्यासाठी पुरेसा नाही, एवढेच म्हटले होते. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने ठोक्यांच्या कडा गुळगुळीत केल्या, जेणेकरून कानास हिसका बसू नये. शिवाय जन्मतः बहिरे उंदीर घेतले. कानाचा मार्ग असा बंद केल्यावरही स्नायू-प्रतिसाद राहिले. 2019 मध्येच माकडांवरील प्रयोगांत, ध्वनी थांबल्यावरही मेंदूच्या त्या भागाच्या क्रियेत तास-दीड तास टिकणारा बदल आढळला, आणि इतका दीर्घ परिणाम दचकण्याने होत नाही. 2022 मध्ये ज्या संस्थेतून कानाचा आक्षेप आला त्याच कॅलिफोर्नियाच्या संस्थेतून, वेगळ्या काढलेल्या मज्जापेशींवर प्रयोग करून, यांत्रिक ताणाने उघडणाऱ्या पेशीपटलातील मार्गांमधून कॅल्शियम आत येते व त्यातून पेशी उत्तेजित होते, असे दाखविणारा निबंध आला. वेगळ्या काढलेल्या पेशीस कान नसतो; आणि उष्णता पुरेशी नव्हती हेही तपासलेले होते. फ्राय यांना 1950 मध्ये जे म्हणावयाचे होते, ते म्हणण्याचा अधिकार या मार्गाने, बऱ्याच उशिरा, मिळू लागला आहे.

दरम्यान तीव्र ध्वनीने स्वतंत्रपणे आपली वाट काढली होती. हात थरथरण्याच्या ज्या विकारात औषधे उपयोगी पडत नाहीत त्यासाठी, 76 रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीनंतर, जुलै 2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने थॅलॅमसच्या एका लहानशा ठाण्यावर शाबूत कवटीतून व्रण करण्याच्या उपचारास मान्यता दिली. हा व्रण निःसंशय उष्णतेचा असतो. चुंबकीय प्रतिमायंत्रात रुग्ण जागाच असतो आणि केंद्राचे तापमान वैद्यांसमोर पडद्यावर उमटत राहते. 55 अंशांच्या वर काही सेकंद नेले की तेथील पेशी मरतात. मार्गहीन व्रण, अगदी 1962 च्या अर्थाने.

परंतु तेथवर जाण्यापूर्वी एक पायरी असते. वैद्य प्रथम त्या ठाण्याचे तापमान थोडेच, 40 ते 50 अंशांच्या दरम्यान, वाढवितात. पेशी मरत नाहीत. काही काळ मंदावतात. मग रुग्णाच्या हाती पेन देऊन त्यास कागदावर एक चक्राकार रेषा काढावयास सांगतात. रेषेचा नागमोडीपणा कमी झाला तर जागा बरोबर. नाही झाला, किंवा ओठांना मुंग्या आल्या, तर केंद्र किंचित सरकवितात व पुन्हा पाहतात. 1958 च्या निबंधात सुचविलेली तात्पुरती निष्क्रियता ती हीच, आणि 1963 च्या निबंधाने दाखविल्याप्रमाणे ती उष्णतेनेच साधलेली असते. अर्बाना आणि बोस्टन यांचा वाद शस्त्रक्रियेच्या त्या खोलीत कोणी काढत नाही. रुग्णाने काढलेल्या रेषांचे कागद एकाखाली एक ठेवलेले असतात. वरच्या कागदावरील रेषा थरथरती, आणि त्याखालच्या हळूहळू सुधारत गेलेल्या.